दोन रुपयांचा हिशेब

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

महागाईवर लेख नाही असा वार्षिक अंक शोधूनही सापडायचा नाही. म्हणून संपादक मंडळाने विषय विचारला तेव्हा मी महागाईचे नाव काढले नाही. मी म्हटले, मला दोन रुपयांवर लिहायचे आहे. मंडळी हसली. परंतु हे दोन रुपये गेले कित्येक महिने माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांचा हिशेब मला घरी नीट मांडता आला नाही, म्हणून तो येथे मांडते आहे.

तालुक्याच्या एस. टी. स्टँडसमोर आमच्या अण्णांची टपरी आहे. बिस्किटे, वेफर्स, साबण, शाम्पूच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, थंड पेये असा तिचा पसारा. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात माझ्या शिक्षणाचा मान मोठा, पण सुट्टीत टपरीवर बसण्याची पाळी काही चुकत नाही. आणि ती चुकू नये असेच मला वाटते.

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. प्रथम वर्षाची परीक्षा संपली होती. दुपारी एकचे ऊन, स्टँडवर माणसांची दाटी. एक वृद्ध गृहस्थ आले. पांढरे धोतर, हातात पिशवी, निवृत्त शिक्षक असावेत असे बोलण्यावरून वाटले. त्यांनी गार पाण्याची बाटली मागितली. मी म्हटले, "बावीस रुपये."

त्यांनी चष्मा वर करून बाटली फिरवून पाहिली. "बाळ, छापलेत वीस. हे वरचे दोन कशाचे?"

"गार करण्याचे, गुरुजी. सगळीकडे घेतात."

"म्हणजे तू पाण्याबरोबर ऊनही विकतेस म्हण की!" ते हसले. मग विचारले, "शिकतेस काय?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितले, "बी. ए. करते." त्यावर ते एवढेच म्हणाले, "मग त्या बाटलीवर काय लिहिले आहे ते एकदा पूर्ण वाच." आणि बावीस रुपये मोजून देऊन ते बसकडे निघून गेले.

ते भांडले असते तर मीही भांडले असते. त्यांनी पैसे दिले, हेच मला लागले. गिऱ्हाईक ओसरल्यावर मी बाटली हातात घेतली. बारीक अक्षरांत लिहिले होते : कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह. रोज शंभरदा हाताळलेली वस्तू मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

यंदा अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर दोन रेषा काढून विचारले, "किंमत कोण ठरवतो?" वर्ग एका सुरात म्हणाला, "मागणी आणि पुरवठा." मागच्या बाकावर बसून माझ्या मनात आले, "सर, आमच्या टपरीत छापखाना ठरवतो." हे मी बोलले नाही. परंतु त्या दिवसापासून ग्रंथालयात जाऊन या छापील किमतीचे मूळ शोधू लागले. जे सापडले ते आपणां सर्वांना ठाऊक असावे असे मला वाटते.

आपल्याकडे वजनमापांचा कायदा १९७६ साली झाला आणि पुडीबंद मालाचे नियम १९७७ साली आले. काळ महागाईचा होता. १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांच्या पाठीमागे मुंबईच्या गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. दुकानदार सांगेल तो भाव मुकाट्याने देण्याचे दिवस संपावेत, अशी तेव्हाच्या सामान्य माणसाची मागणी होती. तरीही सुरुवातीला एक पळवाट राहिलीच. पुडीवर किंमत छापायची आणि पुढे लिहायचे, "स्थानिक कर वेगळे." आता कर किती हे गिऱ्हाइकाला कसे कळणार? दुकानदार सांगेल तोच कर! ही पळवाट १९९० साली बुजवली गेली आणि सर्व कर धरून एकच कमाल किंमत छापणे सक्तीचे झाले. पुढे २००९ साली वैध मापनशास्त्र कायदा झाला, तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला, आणि जुने नियम जाऊन नवे आले. छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ नये, छापील किंमत खोडू नये, पुसू नये, ही बंधने आजही दुकानदारावर आहेत. गार करण्याचे वेगळे पैसे घ्यावेत अशी सवलत त्यांत कोठेही नाही. म्हणजे गुरुजी बरोबर होते आणि आम्ही चूक होतो. येथे माझा पहिला हिशेब संपला.

परंतु दुसरा हिशेब तेथूनच सुरू झाला. ही किंमत छापतो कोण? मला आपले वाटत होते, सरकार ठरवत असेल. तसे मुळीच नाही. काही औषधांच्या किमतींवर सरकार मर्यादा घालते, युरियाच्या गोणीची किंमत सरकार ठरवते, अशा मोजक्या वस्तू सोडल्या तर आपल्या मालाची कमाल किंमत कंपनी आपली आपण ठरवते. कायदा तिला "किती छाप" असे सांगत नाही, "जे छापशील ते स्पष्ट छाप" एवढेच सांगतो. त्यामुळे किंमत भरमसाट छापायची आणि मग "छापील किमतीवर तीस टक्के सूट" असा फलक लावायचा, हा खेळ राजरोस चालतो. तो खेळ मोठ्या दुकानांना परवडतो, कारण ती ट्रकाने माल उचलतात. आमच्यासारख्यांना एक खोके उचलायचे तर नोटा दोनदा मोजाव्या लागतात.

या ठिकाणी शेतकऱ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. माझे मामा कांदा पिकवतात. कांद्यावर कमाल किंमत छापलेली नसते आणि किमानही नसते. बाजार समितीत गोणी उतरवल्यावर लिलावात जो पुकारा होईल तो भाव. पाण्याची बाटली भरणारा आपली किंमत आपण छापतो आणि पाणी देऊन कांदा वाढवणारा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, हा आपल्या बाजाराचा न्याय आहे!

आता अण्णांची बाजू. ती मी मांडली नाही तर मी कसली मुलगी? बाटलीमागे आम्हाला दोन-अडीच रुपये सुटतात. त्यातून फ्रिजचे वीजबिल, वीज गेली की बर्फाची लादी, फुटतूट. कंपनीचा फ्रिज मिळतो तो जास्त खप असलेल्या दुकानाला, आमचा फ्रिज आमच्या पैशाचा. त्यात एजन्सीवाल्याची तऱ्हा अशी की, खपणाऱ्या पेयाची पाच खोकी हवी असतील तर न खपणारे एक खोके घ्यावेच लागते. त्याला लिंकिंग म्हणतात. त्या खोक्याच्या बाटल्या मुदत संपेपर्यंत फळीवर बसून असतात. मी अण्णांना कायदा वाचून दाखवला तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, कायदा बरोबर असंल. पण माझ्या फ्रिजचं बिल त्या बाटलीवर कुठं छापलंय ते बी वाचून दाखव की."

मी गप्प झाले. पुढे ते जे बोलले त्याने तर मी अधिकच गप्प झाले. "आन तुझी फी कुठनं जाती?"

मी हिशेब केला. उन्हाळ्यात दिवसाला साठ बाटल्या धरल्या तर दोन रुपयांप्रमाणे एकशेवीस रुपये होतात. एप्रिल-मेचे साठ दिवस धरले तर सात हजार दोनशे. माझी फी, पुस्तके आणि वर्षाचा बसचा पास जवळजवळ यातच बसतात. म्हणजे ज्या शिक्षणाने मला ती बाटली वाचायला शिकवले, ते शिक्षणच त्या वरच्या दोन रुपयांवर चालले आहे! मित्रहो, नैतिक प्रश्न पुस्तकात फार सोपे असतात.

अशा मनःस्थितीत माझ्या वाचनात आणखी एक गोष्ट आली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, हॉटेल आणि उपाहारगृहांत बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त आकार घेता येतो. कारण तेथे जाणारा माणूस केवळ बाटली विकत घ्यायला जात नाही. तेथली बैठक, तेथली सेवा यांचा तो लाभ घेतो. हे वाचून प्रथम माझा संताप झाला. थंडगार दालनात त्याच बाटलीला दुपटी-चौपटीने घेतले तर ती सेवा, आणि आमच्या अण्णांनी पत्र्याखाली घाम गाळून दोन रुपये घेतले तर तो गुन्हा! या संतापावरच मी हा लेख संपवणार होते.

परंतु विचार केला तेव्हा फरक ध्यानात आला. हॉटेलात जाणाऱ्यापुढे दरपत्रक येते. पटले नाही तर तो उठून जाऊ शकतो. स्टँडवरचा माणूस कोठे जाणार? त्याची बस पाच मिनिटांत सुटायची असते, कडेवरचे मूल पाण्यासाठी रडत असते. घासाघीस करायला त्याच्याजवळ वेळ नसतो आणि पुष्कळदा तोंडही नसते. छापील किमतीचा नियम अशा माणसासाठी आहे. माझ्या आईला अक्षरे वाचता येत नाहीत, आकडे मात्र येतात. बाजारात गेली की ती प्रत्येक पुडा उलटा करून आकडा बघते आणि तेवढेच पैसे पुढे करते. तिच्याशी लबाडी करणे कोणाला सहज जमत नाही, ते त्या आकड्यामुळे. जो आकडा माझ्या आईचे रक्षण करतो, तोच आकडा आमच्या टपरीवर दुसऱ्या कोणाच्या आईसाठी लागू नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

म्हणून माझे मत असे झाले की नियम योग्य आहे, तो आमच्याविरुद्ध गेला तरी. चूक आहे ती नियमाच्या नजरेत. ती साखळीतल्या शेवटच्या हातावर येऊन थांबते. तो हात पकडायला सोपा असतो, कारण तो उघड्यावर बसलेला असतो. गार विकण्याचा माल आहे तर गार करण्याचा खर्च धरून कंपनीने किंमत छापावी आणि तो वाटा विक्रेत्याला द्यावा. लिंकिंग करणाऱ्या एजन्सीची तक्रार छोट्या दुकानदाराला निर्भयपणे करता यावी. हे झाल्यावर जो दोन रुपये जास्त घेईल त्याला खुशाल दंड करा.

आता याच प्रश्नाची दुसरी बाजू. तीही आमच्या घरातलीच आहे.

माझा थोरला भाऊ पुण्याकडे एका कारखान्यात हंगामी कामगार आहे. दिवाळीला तो नवा मोबाईल घेऊन आला. नामांकित कंपनीचा, आणि दुकानातल्या भावापेक्षा तीन हजारांनी स्वस्त! "बाहेरच्या देशातला माल आहे, बिल नाही," असे विकणाऱ्याने सांगितले होते. घरात कौतुक झाले. दादा हुशार ठरला. दोन महिन्यांत त्याचा पडदा काळा पडला. कंपनीच्या सेवा केंद्रात सांगण्यात आले की हा सेट आपल्या देशात विकण्यासाठी आणलेला नाही, येथे त्याला गॅरंटी लागू नाही. विकणारा म्हणाला, "मी कुठं गॅरंटी दिली होती?" वाचलेले तीन हजार दुरुस्तीत गेले.

अशा मालाला ग्रे मार्केटचा माल म्हणतात. आपण करडा बाजार म्हणू. हा माल नकली नसतो. अस्सल कंपनीचा असतो, पण दुसऱ्या देशासाठी बनवलेला आणि कंपनीच्या नेमलेल्या वाटेने न येता दुसऱ्याच वाटेने आलेला. कर भरून आणला असेल तर तो करडा आणि चुकवून आणला असेल तर काळा. बिल नसल्यावर या दोहोंतला फरक गिऱ्हाइकाला कधीच कळत नाही.

हा बाजार निर्माण का होतो? कंपन्या एकच वस्तू वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या भावाने विकतात. त्यात करांची भर पडते. तयार मोबाईलवरची आयात जकात २०१८ साली २० टक्क्यांवर नेली होती, ती जुलै २०२४ मध्ये १५ टक्क्यांवर आणली. त्यावर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर. दहा हजारांचा फोन आणला तर नुसत्या या दोन आकारांनी तो साडेतेरा हजारांच्या पुढे जातो. जेथे दोन किमतींत एवढी दरी पडते, तेथे तिच्यावर कोणी तरी फळी टाकतोच. वडीलधारी माणसे सांगतात की त्यांच्या तरुणपणी फॉरेनचे घड्याळ, फॉरेनचा टेपरेकॉर्डर असाच चोरवाटेने येत असे. १९९१ नंतर धोरण बदलले, २००१ पर्यंत आयातीवरची संख्येची बंधने उठली, आणि तोच माल भर पेठेतल्या दुकानांत मांडला गेला. दरी बुजली की फळीची गरज उरत नाही.

कायदाही करड्या मालाला सरसकट चोर म्हणत नाही. एका परदेशी कंपनीच्या छपाईयंत्रांचा असाच वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये खंडपीठाने सांगितले की, कंपनीने जगात कोठेही एकदा विकलेला अस्सल माल दुसऱ्याने आणून येथे विकण्यास हरकत नाही. मात्र हा माल कंपनीच्या वाटेने आलेला नाही आणि त्याला कंपनीची हमी नाही, हे विक्रेत्याने गिऱ्हाइकाला ठळकपणे सांगितले पाहिजे. मला हा निकाल फार समंजस वाटतो. स्वस्त विका, पण सांगून विका. शिवाय आयात केलेल्या पुडीवरही आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत छापलेली असावी लागते. दादाच्या खोक्यावर यातले काहीही नव्हते, आणि आम्ही कोणी ते खोके उलटे करून पाहिले नव्हते. आई तेवढी म्हणाली होती, "याच्यावर आकडाच न्हाई!" आम्ही तिला हसलो होतो.

येथे मला आपल्या सर्वांच्या वागण्यातली एक गंमत दिसते. टपरीवाल्याने दोन रुपये जास्त घेतले की आपण ग्राहक असतो, आपल्याला कायदा आठवतो. बिलाशिवाय तीन हजार वाचले की आपण हुशार असतो, आणि तेव्हा कायदा ही सरकारची कटकट वाटते. नियम हवा, पण आपल्या सोयीच्या बाजूने. अण्णाही तेच करतात, दादाही तेच करतो. मी बावीस रुपये मागितले तेव्हा मीही तेच केले.

गेल्या सप्टेंबरात याचा आणखी एक धडा मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, साबण, शाम्पू अशा पुष्कळ वस्तूंवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. रेल्वेने आपल्या 'रेल नीर'ची लिटरची बाटली १५ रुपयांची १४ केली. गिऱ्हाइके टपरीवर येऊन म्हणू लागली, "स्वस्त झालंय म्हणतात, कमी करा." अण्णांकडचा माल जुन्या भावाने घेतलेला आणि पुड्यावर जुनाच आकडा. जुन्या आकड्याशेजारी नव्या किमतीची चिठ्ठी लावण्याची मुभा कंपन्यांना मिळाली होती. पण आमच्या फळीवरच्या पुड्यांना चिठ्ठी लावायला येतो कोण? पंधरा दिवस अण्णांनी लोकांची बोलणी खाल्ली. आणि पाच रुपयांच्या पुड्याचे काय झाले? तो पाच रुपयांचाच राहिला, आत चार बिस्किटे वाढली म्हणे. वाढली असतील. पूर्वी कमी झाली होती तेव्हा कोणी सांगायला आले नव्हते. नुसता किमतीचा आकडा वाचून भागत नाही, वजनही वाचावे लागते. २०२२ पासून पुष्कळ पुड्यांवर दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती पडते तेही छापावे लागते. ते वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

माझ्या बंधुभगिनींना माझे सांगणे थोडके आहे. वस्तू उलटी करून वाचा. बिल मागा, स्वस्त मिळाले तरी मागा. जास्त पैसे मागणाऱ्या टपरीवाल्याला जरूर विचारा, पण त्याच्यावर ओरडून थांबू नका. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तेथे कंपनीचीही तक्रार करता येते. आणि गुरुजनांना विनंती अशी की, दर २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनाचे भाषण होते, त्या दिवशी एकदा आमच्यासारख्या छोट्या दुकानदारांनाही सभागृहात बोलवावे. त्यांनाही काही सांगायचे असते.

आमच्या टपरीचे पुढे काय झाले, हे सांगितले नाही तर लेख अपुरा राहील. दिवाळीनंतर मी पुठ्ठ्यावर पाटी लिहिली : "सर्व माल छापील किमतीत." अण्णांनी ती बराच वेळ पाहिली आणि स्वतःच खिळा ठोकून टांगली. अर्थात हे दिवस थंडीचे. गार पाणी मागतो कोण? पाटीची खरी परीक्षा मे महिन्यात आहे. तेव्हा सात हजार दोनशे रुपये कोठून आणायचे, याचे उत्तर अजून आमच्या घरात कोणाजवळ नाही. अण्णा लिंबू सरबत सुरू करावे म्हणतात. त्याच्यावर काही छापलेले नसते!

ते गुरुजी पुन्हा आले नाहीत. आले तर त्यांचे दोन रुपये मी गल्ल्यात वेगळे ठेवले आहेत.